मूळ औषध सापडलं नाही, एवढ्याने नदी सुटत नाही

नाग नदीचा विषय निघाला आणि त्यात कुणी औषधांच्या अंशांचं नाव काढलं, की नागपुरात दोन तट पडायला वेळ लागत नाही. एक तट म्हणतो, नदीत औषधं वाहताहेत, विष पसरतंय. दुसरा लगेच हिशेब मांडतो. लिटरमागे ५०० नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) पॅरासिटामॉल आहे असं धरा; ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पोटात जायला दहा लाख लिटर पाणी प्यावं लागेल. रोज दोन लिटरने साडेतेराशे वर्षं. हशा होतो आणि विषय तिथेच मिटतो. मला या भांडणाचा कंटाळा आलाय. दोन्हीकडचे लोक एकाच आकड्यावरून हमरीतुमरीवर येतात: पाण्यात मूळ औषध किती? तो आकडा चुकीचा असतोच असं नाही, पण तो निम्मी गोष्टही सांगत नाही. गोळी शरीरातून, मैलापाण्याच्या गडरलाइनमधून, प्रक्रिया केंद्रातून आणि उन्हातून जाताना जे काही बनते, ते त्या आकड्यात कुठेच नसतं. माझं म्हणणं साधं आहे. नाग, कन्हान आणि वैनगंगेच्या पाण्यात औषधं नियमित मोजली जावीत, मोजणीच्या यादीत प्रत्येक औषधाच्या शेजारी त्याचे मोडून होणारे पदार्थही असावेत, आणि ही यादी नवे एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, बांधून झाल्यावर निघू नये, आधी निघावी.

हिशेबवाल्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या अहवालात पिण्याच्या पाण्यातल्या औषधांच्या अंशांमुळे माणसाला मोठा अपाय होण्याची शक्यता फारच कमी असल्याचं म्हटलं होतं. शिवाय नागपूरकर नाग नदीचं पाणी पीत नाहीत. आपलं पाणी पेंचचं, आणि कन्हानचं जे घेतो तेही नाग तिला मिळण्याच्या वरच्या अंगाला. तेव्हा बर्डीवर उभं राहून ‘आपल्याला विष पाजताहेत’ म्हणणं म्हणजे निव्वळ आरोळी ठोकणं आहे. पण मग पुढचा प्रश्न कुणी का विचारत नाही? नाग पिवळीला घेऊन कन्हानला जाते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा गोसीखुर्दच्या धरणात अडते. नागपूरच्या सांडपाण्याने वैनगंगा बिघडली ही भंडारा-पवनीकडच्या लोकांची तक्रार काही आजची नाही. धरणाच्या पाण्यात मासे धरून पोट भरणारा ढीवर समाज रोज त्याच पाण्यात कमरेइतका उभा असतो. आणि माशाला दिवसाला दोन लिटरचा हिशेब लागू होत नाही. तो चोवीस तास, जन्मभर त्याच पाण्यात श्वास घेतो.

अल्प मात्रेचं म्हणाल तर कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी हा प्रयोग अख्ख्या तलावावर करून पाहिला आहे. २००१ पासून तीन उन्हाळे त्यांनी एका प्रायोगिक तलावात गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम राहील इतकंच सोडलं. वर धरलेल्या ५०० नॅनोग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. नर माशांत मादीची लक्षणं दिसू लागली आणि फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशांची संख्या तलावातून जवळजवळ संपली. एक गोळी भरायला तिथे किती पाणी प्यावं लागलं असतं, हा प्रश्न त्या माशांच्या बाबतीत हास्यास्पद ठरतो. प्रतिजैविकांचंही, म्हणजे अँटिबायोटिक्सचंही, तसंच. त्यातल्या सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणाऱ्या जिवाणूंना पाण्यात वरचढ होता येऊ नये, यासाठी संशोधकांनी सुचवलेली मर्यादा लिटरमागे ६४ नॅनोग्रॅम आहे. जिवाणूला मारायला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी खाली ही रेघ आहे, कारण इथे जिवाणू मरायची गरजच नसते. नुसतं दाद न देणाऱ्याचं फावलं तरी पुरतं.

आता मुख्य मुद्दा. धंतोली-रामदासपेठेच्या दवाखान्यांत, मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत अर्ध्या विदर्भाचे आणि शेजारच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडचे रुग्ण येतात. त्यांनी घेतलेल्या औषधाचं यकृत काय करतं? बऱ्याच औषधांना ते साखरेसारखा एक तुकडा जोडून देतं, म्हणजे ते पाण्यात विरघळून लघवीवाटे निघून जाईल. हा जोड लागला की औषध सहसा निष्क्रिय होतं. पण गडरलाइनमधले जिवाणू, त्यात आपल्या आतड्यातलाच ई. कोलाय, हा जोड तोडणारं विकर (एन्झाइम) बाळगून असतात. जोड तुटला की मूळ औषध पुन्हा मोकळं. म्हणून जगभरच्या प्रक्रिया केंद्रांत एक चमत्कारिक गोष्ट वारंवार नोंदली गेली आहे: काही औषधं आत येताना कमी आणि बाहेर पडताना जास्त भरतात. यंत्र बिघडलेलं नसतं. आत येताना ती दुसऱ्या रूपात होती, एवढंच. सेप्ट्रानसारख्या गोळीतल्या सल्फामेथॉक्साझोलचं असंच होतं. शरीर त्याला असिटाइल गट लावून बाहेर टाकतं आणि सांडपाण्यात तो गट निघून औषध परत येतं.

उलट दिशेचा प्रवासही आहे, आणि तो जास्त फसवा. मेटफॉर्मिन घ्या. मधुमेहाची ही गोळी शरीरात मोडतच नाही, जशी घेतली तशी बाहेर पडते. चांगल्या जैविक प्रक्रिया केंद्रात तिचा बहुतेक भाग नाहीसा होतो आणि कागदावर केंद्राची कामगिरी झळाळते. प्रत्यक्षात जिवाणूंनी तिचं ग्वानिलयुरिया करून ठेवलेलं असतं, आणि ते पुढे सहजी मोडत नाही. ‘मेटफॉर्मिन काढून टाकलं’ हे वाक्य खरं, पण नदीला त्याचा उपयोग काय? डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक उन्हात भराभर मोडतं. नागपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. पण मोडताना त्यातून कार्बाझोल जातीची संयुगं निघतात, आणि शेवाळावर ती मूळ औषधापेक्षा जास्त विषारी ठरल्याचे प्रयोग आहेत. पुन्हा, नाग नदीचं पाणी इतकं काळं की ऊन वरच्या थरापलीकडे जातच नाही. म्हणजे दुपारी पृष्ठभागावरून घेतलेली बाटली एक सांगेल आणि हातभर खालची दुसरंच. पॅरासिटामॉलवर क्लोरीनची प्रक्रिया झाली तर काय होतं हेही प्रयोगशाळेत पाहिलं गेलं आहे. जे पदार्थ तयार होतात त्यांतला एक तोच, जो गोळ्यांचा अतिरेक झाल्यावर माणसाच्या यकृतात तयार होऊन यकृत जाळतो. पॅरासिटामॉल प्रक्रिया केंद्रात बहुतांशी आधीच संपतं हे खरं. पण जिथे प्रक्रिया अर्धवट आणि शेवटी क्लोरीन मात्र भरपूर, तिथे?

हे सगळं आजवर नजरेत का भरलं नाही, हे मोजणीची पद्धत पाहिली की कळतं. पाणी गडद काचेच्या बाटलीत घेतात, बर्फात घालून प्रयोगशाळेत नेतात, गाळतात. मग अर्धा-एक लिटर पाणी बोटाएवढ्या नळीत दाबून भरलेल्या भुकटीतून थेंबथेंब सोडतात. औषधं भुकटीला धरून राहतात, पाणी निघून जातं. चार-पाच मिलिलिटर मेथॅनॉल ओतून ती सोडवून घेतली की नमुना शेकडो पटींनी घट्ट होतो. तो पदार्थ एकेक वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून मास स्पेक्ट्रोमीटर या रेणू तोलणाऱ्या यंत्रात जातो. यंत्र रेणूचं वजन पाहतं, त्याला फोडतं, तुकड्यांचं वजन पाहतं, आणि सगळं जुळलं तरच त्याला नाव देतं. पद्धत फार सुरेख आहे. पण नेहमीच्या पद्धतीत कुणाला शोधायचं ते यंत्राला आधी सांगावं लागतं, आणि पडताळायला त्या पदार्थाचा शुद्ध नमुना हाताशी लागतो. गावात बहुरूपी पोलिसाच्या सोंगात आला होता म्हणून शोधणाऱ्यांनी खाकी कपडेच शोधत राहावं, आणि तो तोवर साधू होऊन पुढच्या आळीत पोचलेला असावा, तशी ही गत. त्यात ग्वानिलयुरियासारखे पदार्थ पाण्याला इतके धार्जिणे की ते भुकटीला चिकटतच नाहीत, पाण्याबरोबर मोरीत जातात. शिवाय गडरच्या पाण्यातली बाकीची घाण यंत्राचा सिग्नल दाबते. समस्थानिक घातलेला मानक नमुना (त्याच औषधाचा, पण वजनाने किंचित वेगळा, माहीत मात्रेचा जुळा) सोबत चालवला नाही तर आकडा आहे त्यापेक्षा कमी येतो, आणि कमी आकडा सगळ्यांनाच आवडतो.

विष-विष ओरडणाऱ्यांनाही इथेच एक सांगायचं आहे. यंत्र जितकं संवेदनशील, तितकं जास्त सापडणार. गेल्या दशकात काही नव्हतं आणि आता पंचवीस औषधं निघाली, याचा अर्थ नदी पंचवीस पट बिघडली असा होत नाही. कदाचित फक्त यंत्र नवं आलं. म्हणून ‘सापडलं नाही’ हे शब्द कुठल्या मर्यादेपर्यंत शोधलं ते लिहिल्याशिवाय छापूच नयेत, आणि ‘सापडलं’ हे किती ते लिहिल्याशिवाय. ‘शून्य औषध’ अशी मागणी करणाऱ्यांना रसायनशास्त्र समजलेलं नाही. आणि लोकांनी औषधं घेणंच कमी करावं असं सुचवणाऱ्यांना आजारपण समजलेलं नाही.

मूळ पदार्थ सोडून त्याच्या अवशेषाने घात केल्याचं इतिहासात घडलेलं आहे. डीडीटी या कीटकनाशकाच्या काळात शिकारी पक्ष्यांची अंडी उबवता उबवता फुटू लागली. कवच पातळ करणारा मुख्य गुन्हेगार डीडीटी नव्हता. तो मोडून बनणारा डीडीई होता. आपल्याकडे गिधाडांचं तेच झालं. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडं मरतात हे २००४ मध्ये सिद्ध झालं, तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या नव्याण्णव टक्क्यांच्या आसपास घसरली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. पण असेक्लोफिनॅक हे दुसरं वेदनाशामक चालू राहिलं, आणि ते गाईच्या अंगात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं! बाटलीवरचं नाव वेगळं, गाईच्या मांसात उतरणारं विष तेच. त्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. मधली सतरा वर्षं आपण कागदावर डायक्लोफिनॅकला दाराबाहेर ठेवत होतो. गडचिरोलीत गिधाडांसाठी वन विभागाला ‘उपाहारगृहं’, म्हणजे मेलेली जनावरं खायला ठेवण्याच्या जागा, मांडावी लागतात, ती या सगळ्याच्या पार्श्वभूमीवर.

आणि कुणी म्हणेल की हे सगळं परदेशी चोचले, आपल्या नियमांत बसायचं नाही, तर त्यांनी आपलंच पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५००, उघडून पाहावं. त्यात कीटकनाशकांच्या तक्त्यात डीडीटीची मर्यादा लिहिताना डीडीई आणि डीडीडी सोबत धरलेले आहेत. एन्डोसल्फानच्या ओळीत अल्फा, बीटा आणि सल्फेट अशी तिन्ही रूपं आहेत. त्यातलं सल्फेट हा मोडून बनणारा पदार्थ. म्हणजे तत्त्व आपण केव्हाच स्वीकारलं आहे. ते फक्त शेतातून येणाऱ्या रसायनांना लावलं, दवाखान्यातून आणि घरातून येणाऱ्यांना लावायचं राहिलं. त्या मानकात औषधांसाठी तक्ताच नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. ज्या शहराचं सगळं मैलापाणी अजून नळीत शिरलेलं नाही, नदीत मैल्यातल्या कोलिफॉर्म जिवाणूंचा सुकाळ आहे, तिथे नॅनोग्रॅमच्या मागे लागणं म्हणजे घरात खायला नाही आणि अत्तराची चर्चा नव्हे का? हा आक्षेप मी हसून उडवणार नाही. अतिसाराने मरणाऱ्या पोराला ग्वानिलयुरियाची फिकीर नसते. पैसा एकच असेल तर आधी गडरलाइन, हे मलाही मान्य. पण पैसा एकाच खिशात आहे असं समजण्यात गफलत आहे. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे दोन हजार कोटींचा प्रकल्प मंजूर आहे, त्यात जपानच्या जायकाचं कर्ज आहे, त्यातून नवे एसटीपी आणि नव्या गडरलाइन व्हायच्या आहेत. दोन हजार कोटींत नियमित तपासणीचा खर्च हिशेबात दिसणारसुद्धा नाही. आणि एसटीपी एकदा बांधला की पंचवीस-तीस वर्षं तो तसाच चालतो. पुढे त्याला ओझोन जोडायचा की सक्रिय कोळसा, त्यासाठी जागा सोडायची की नाही, हे आज ठरतं. ओझोन औषधाला मोडतो, म्हणजे पुन्हा नवे पदार्थ. म्हणूनच स्वित्झर्लंडमध्ये ओझोननंतर वाळूच्या जैविक गाळणीतून पाणी नेतात. कोळसा औषधाला न मोडता धरून ठेवतो, पण मग त्या कोळशाचं काय करायचं ते पाहावं लागतं. आपल्या पाण्यात नेमकं काय आहे हे न मोजता यातलं काय निवडणार, निविदेत जो स्वस्त पडेल तो?

नेहमीच्या चाचण्यांत पाणी पास झालं म्हणजे ते ठीक, या समजुतीची किंमत देशाने एकदा मोजली आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत नजफगडच्या नाल्याचं मैलापाणी यमुनेतल्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत उलटं आलं. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवला. त्यामुळे जिवाणू आटोक्यात राहिले, टायफॉइड वाढला नाही. आणि तरी काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो विषाणू पुढे हेपेटायटिस ई म्हणून ओळखला गेला. पाण्याची चाचणी जिवाणूंची होती, पाण्यातून आला विषाणू. त्यानंतर तीनच वर्षांत, १९५८ मध्ये, सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरात स्थापन झाली. तीच आजची नीरी. पाण्यात काय शोधायचं हे ठरवणारी देशातली मोठी संस्था ज्या गावात आहे, तिथली चर्चा अजून ‘किती लाख लिटर प्यावं लागेल’ यावर अडावी, याला काय म्हणावं?

खर्चाची बाब राहिली. हे यंत्र महाग आहे, ते चालवणारी माणसं तयार व्हायला वर्षं लागतात, आणि मोडून बनणारे पदार्थ तर हजारो. सगळे मोजा असं कुणीच म्हणत नाही. स्वित्झर्लंडने २०१६ पासून कायद्याने निवडक प्रक्रिया केंद्रांना सूक्ष्म प्रदूषकं ८० टक्के काढायला लावलं, आणि ते तपासायला फक्त बारा निदर्शक पदार्थ निवडले. आपणही पंधरा-वीसांची यादी करू. मात्र ती उसनी नको. अपस्मारावरचं कार्बामाझेपिन, मेटफॉर्मिन, डायक्लोफिनॅक हे जगभर सगळीकडेच सापडतात, ते आपल्याही यादीत असतील. पण पूर्व विदर्भात हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघर गोळ्या दिल्या जातात, त्यात आयव्हरमेक्टिन आहे, आणि पाण्यातल्या पिसूसारख्या बारीक जिवांना ते लिटरमागे काही नॅनोग्रॅमातही मारतं. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण हायड्रॉक्सियुरिया वर्षानुवर्षं घेतात. झ्युरिकच्या यादीत ही नावं कशाला असतील? (मोहीम थांबवा असं याचा अर्थ कुणी लावला तर तो माझ्यावर अन्याय होईल. हत्तीपाय झालेला माणूस ज्याने पाहिलाय तो असं म्हणणार नाही. मोहिमेनंतरच्या पंधरवड्यात गाळाचे नमुने घ्या, एवढंच.)

सरकारचं सांगायचं तर जानेवारी २०२० मध्ये केंद्राने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांची मर्यादा घालणारा मसुदा काढला होता. २०२१ मध्ये अंतिम नियम आला तेव्हा त्या मर्यादा गायब होत्या. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या सामाईक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात २००७ साली लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं होतं, हे माहीत असूनही. सुरुवातीचा हिशेब इथे लावून पाहा: एक गोळी भरायला सोळा लिटर. ते पाणी तेव्हा मंजिरेमार्गे गोदावरीला जात होतं, आणि आपली वैनगंगा प्राणहितेमार्गे त्याच गोदावरीला मिळते. नागपूरचा प्रश्न कारखान्यांपेक्षा दवाखान्यांचा आणि घरांचा आहे, त्यामुळे आकडे तसे नसणार. पण पैसे कुणी द्यायचे याचं एक उत्तर युरोपने दिलं आहे. तिथल्या नव्या कायद्यानुसार सूक्ष्म प्रदूषकं काढण्याच्या जादा प्रक्रियेचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन बनवणाऱ्यांनी द्यायचा आहे. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आहेत, जाणारच. आपण निदान मोजणीपुरता तरी तो प्रश्न मांडायला काय हरकत आहे?

नागपूरच्या भांडेवाडी एसटीपीतलं प्रक्रियेनंतरचं बरंचसं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं आणि त्याचा नागपूरला रास्त अभिमान आहे. तेवढा भार नदीत पडत नाही, हेही हिशेबात धरावं. म्हणून नमुन्याच्या जागा अशा: भांडेवाडीच्या केंद्रात आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी, नाग कन्हानला मिळण्याच्या वर आणि खाली, आणि गोसीखुर्दचा फुगवटा, तिथला गाळ आणि तिथला मासा. सकाळी अकराला भरलेली एक बाटली नको; चोवीस तासांचा मिश्र नमुना हवा, कारण दवाखान्यांचं पाणी आणि घरांचं पाणी वेगवेगळ्या वेळी येतं. पहिली फेरी मे महिन्यात, जेव्हा नदीत पावसाचा थेंब नसतो आणि वाहतं ते सगळं शहरानेच सोडलेलं असतं. दुसरी जूनच्या पहिल्या दणदणीत पावसानंतर, तळाचा गाळ उठतो तेव्हा. तक्त्यात प्रत्येक औषधाखाली त्याचे मोडलेले पदार्थ, कुठल्या मर्यादेपर्यंत शोधले तो आकडा, आणि तो तक्ता मराठीत, नागपूर महापालिकेइतकाच पवनीच्या नगर परिषदेतही लावलेला.